रेविनने बांधलेला डेक

माझा भाऊ नेव्हिल आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरांना डेक बांधत आला. डेक म्हणजे मागच्या दाराला लागून बागेत काढलेला लाकडी ओटा. आमच्या टेमुका गावात ख्रिसमस भर उन्हाळ्यात येतो, आणि उन्हाळाभर माणसं घरात कमी आणि डेकवर जास्त असतात. सॉसेज तिथेच भाजायचे, चहा तिथेच प्यायचा, भांडायचंही तिथेच. गावातल्या निम्म्या डेकांखाली नेव्हिलने रोवलेले खांब आहेत. आणि त्याच्या स्वतःच्या मागच्या दाराला काय होतं? सिमेंटच्या पायऱ्या आणि खाली गवत.

"यंदा ख्रिसमसच्या आत नक्की," असं तो दर वसंतात बायकोला सांगायचा.

"कुठल्या सालच्या ख्रिसमसच्या, तेवढं सांग," रेविन म्हणायची, आणि धुतलेल्या कपड्यांची टोपली कमरेवर घेऊन त्या पायऱ्या उतरायची.

मग एका थंडीत नेव्हिलच्या मेंदूत गुठळी झाली. जीव वाचला, पण उजवा हात आणि उजवा पाय गेला. बोलणंही गेलं. समजत त्याला सगळं होतं, ते त्याच्या डोळ्यांत दिसायचं, पण शब्द तोंडापर्यंत पोचत नव्हते. दोनच उरले होते. एक "नाही", आणि दुसरी एक शिवी. शिवी मात्र अगदी स्वच्छ, खणखणीत यायची. बोलणं शिकवायला येणारी मुलगी म्हणाली, शिव्या मेंदूच्या वेगळ्या खणात असतात, तो खण बऱ्याचदा शाबूत राहतो.

"याचा तो खण पहिल्यापासून भरलेलाच होता," रेविन म्हणाली.

अडचण अशी की "हो" म्हणायचं असलं तरी त्याच्या तोंडून "नाही"च यायचं. चहा हवा का, नाही. थंडी वाजते का, नाही. मग चेहऱ्याकडे बघून ओळखायचं की हे कुठलं नाही. रेविनला ते लवकर जमलं. मी त्याची सख्खी बहीण, पण मला वेळ लागला.

हॉस्पिटलच्या लोकांनी पुढच्या दाराला चाकाच्या खुर्चीसाठी एक पत्र्याचा उतार बसवून दिला होता. तो उतरायचा थेट रस्त्यावर. रस्त्यावर गेलं की कुणीतरी भेटणार, "काय नेव्ह, कसं काय?" विचारणार, आणि याला त्यावर "नाही" म्हणावं लागणार. म्हणून डॉक्टरकडे जायचं नसेल तर नेव्हिल त्या दाराकडे फिरकायचाच नाही. दिवसभर स्वयंपाकघरात खुर्चीत बसून असायचा. खिडकीबाहेर त्याची बाग होती, प्लमचं झाड होतं, हत्यारांची शेड होती. वाफ्यांत गवत माजलं होतं. आणि तो खिडकीकडे पाठ करून बसायचा.

वसंत सुरू झाला तसा एक दिवस हेनारे आला. हेनारे म्हणजे नेव्हिलचा जुना चेला. पोरवयात त्याच्या हाताखाली लागला, आणि आता स्वतःची माणसं बाळगून काम करतो. दारातून वाकून आत यावं लागतं एवढा उंच, आणि आवाजही तसाच. सोबत नेव्हिलच्या टोळीतले आणखी तिघे होते. नेव्हिलला नीट ऐकू येत नाही अशी कुणीतरी त्यांची समजूत करून दिली असावी, कारण चौघेही ओरडून बोलत होते.

"नेव्ह! आम्ही ठरवलंय! शनिवार-रविवार येतो आणि तुझा डेक उभा करून जातो! लाकूड आमचं, मजुरी आमची. तू फक्त बसून बघायचं! काय?"

मी ओट्यापाशी बटाटे सोलत होते. मला भरूनच आलं. केवढी मायेची माणसं! पण रेविन त्यांच्याकडे बघत नव्हती, ती नेव्हिलकडे बघत होती. नेव्हिलने डाव्या हाताने खुर्चीचं चाक धरलं, आणि हळूहळू खुर्ची भिंतीकडे वळवली. त्या चौघांच्या ते लक्षातही आलं नाही, ते मापांवर बोलत होते.

"हेनारे," रेविन म्हणाली, "तुझं मन मोठं आहे. पण लाकूड नको आणि माणसंही नकोत. डेक मी बांधणार आहे."

सगळे हसले. हेनारे म्हणाला, "रेविन, अगं, पडदे नाहीत ते!"

रेविनने जन्मभर पडदे शिवले. टेमुकात आणि आसपासच्या शेतांवर कुठल्याही बैठकीच्या खोलीत गेलात तर खिडकीला बहुधा तिच्या हातचा पडदा असतो.

"माहीत आहे पडदे नाहीत ते," ती म्हणाली. "पडदा खाली आला तर कुणी मरत नाही. म्हणून हे मी जास्त जपून करीन. चहा घेणार ना?"

त्यांनी चहा घेतला, पण मनात खट्टू होऊन गेले. त्यांची गाडी वळल्याबरोबर मी तिला बागेत गाठलं.

"तुला वेड लागलंय का? फुकटात मिळत होतं. आणि ते गावातले सगळ्यांत चांगले कारागीर!"

"म्हणूनच," रेविन म्हणाली. "लॉरेन, त्याचीच माणसं त्याच्याच अंगणात त्याचंच काम करणार, आणि याने काचेआडून बघायचं? तसला डेक झाला तर हा त्याच्यावर कधी चाकसुद्धा ठेवणार नाही."

"आणि तू बांधलास तर?"

"मी बांधला तर मी चुकेन. मी चुकले की तो चिडेल. आणि चिडला की त्या भिंतीकडून खिडकीकडे वळेल. मला तो चिडलेला हवाय गं. किती महिने झाले, माझ्यावर धड चिडलासुद्धा नाही."



तिची मुलगी किर्स्टन पर्थला असते. तिने फोनवरून आकांत मांडला. "आई, तुझं वय बघ! पाठीचं काही झालं तर दोघांना कोण बघणार? मी पैसे पाठवते, कंत्राटदार लाव." रेविनने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "किर्स्टन, तुझ्या लग्नाचा झगा मी शिवत होते तेव्हाही तू हेच म्हणत होतीस, विकत घेऊ या. नंतर काय म्हणालीस?"

सगळ्यांत अवघड गोष्ट शेडची किल्ली. नेव्हिलच्या हत्यारांना कुणी हात लावायचा नसे, हा त्या घरातला कायदा होता. रेविन किल्ली घेऊन त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली. "मी तुझी हत्यारं वापरणार आहे. तू नको म्हणालास तर नवी आणीन, पण बांधणार हे नक्की." नेव्हिलने किल्ली डाव्या हातात घेतली. "नाही," तो म्हणाला, आणि किल्ली तिच्या तळहातावर ठेवून तिची बोटं मिटवली.

मग काम सुरू झालं. पहिले काही दिवस नुसत्या खुंट्या आणि दोऱ्या. लाकडाच्या वखारीत रेविन दोन-तीनदा जाऊन आली, तिथल्या माणसाला सतराशे प्रश्न विचारले, नेव्हिलची जुनी पुस्तकं चाळली. आणि मग तिने अंगणात दोरीचा चौकोन आखला. कोपरे काटकोनात आहेत का हे तिने कसं तपासलं असेल? एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत टेप लावली, मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांना लावली, आणि दोन्ही मापं सारखी येईपर्यंत खुंट्या हलवत राहिली.

"कुठे शिकलीस?" मी विचारलं.

"यात शिकायचं काय? मेजपोश असाच तपासतात."

लाकडावर खुणा ती शिंपी लोकांच्या खडूने करायची, निळ्या चपट्या खडूने. सुताराची पेन्सिल तिच्या हातात बसेना. पण मापात ती एक केसभरही सैल नव्हती. टेप दोनदा लावल्याशिवाय करवत उचलत नव्हती. करवतीची भीती मात्र तिला पहिल्या दिवशी खरंच वाटली. विजेवर फिरणारी ती चकती सुरू झाली तेव्हा ती दोन पावलं मागे सरली, करवत बंद केली, पाणी प्यायली. मग पुन्हा सुरू केली.

खड्डे खणताना माझी कंबर गेली. आमच्याकडची माती म्हणजे वर वीतभर माती आणि खाली सगळे नदीचे गोटे. फावडं टाकलं की ठण्ण. पहारीने एकेक गोटा उपसायचा. त्यात वायव्येचा गरम वारा सुटलेला, डोळ्यांत धूळ. मी शिव्या घालत होते, रेविन खणत होती.

पहिला खांब उभा करून आम्ही खड्ड्यात काँक्रीट ओतत होतो, तेवढ्यात खिडकीच्या काचेवर टकटक झाली. मागे वळून बघितलं. नेव्हिल! स्वतःची खुर्ची स्वतः ढकलत खिडकीपाशी आला होता. हातात चमचा. त्याने चमचा उभा धरला आणि जरासा डावीकडे कलता केला.

रेविनने ओळंबा लावून बघितला. खांब डावीकडे कलला होता. तिने तो सरळ केला, खिडकीकडे बघितलं, आणि चमचा सरळ झाला.

"बघितलंस?" ती माझ्या कानाशी पुटपुटली. मातीने भरलेला चेहरा, पण असा उजळला होता की मी बघतच राहिले.

त्या दिवसापासून खिडकीत चमचा असायचाच. सगळे खांब उभे राहिले. मग घराच्या भिंतीला लागून जी लांब तुळई बसवायची असते, तिची पाळी आली. डेकची एक बाजू तिच्यावरच उभी राहते. रेविनने ती तुळई उचलून, लाकडी फळ्यांच्या भिंतीला घट्ट टेकवून, पाणसळ लावून, बोल्टने आवळून बसवली. सबंध दिवस गेला. शेवटचा बोल्ट आवळून ती मागे सरकली तेव्हा तुळई अशी सरळ होती की हातच फिरवत राहावं.

आणि खिडकीत चमचा बडवायला लागला. टकटक नव्हे, धडाधड. नेव्हिलचा चेहरा लाल झालेला. "नाही! नाही! नाही! च्यायला, नाही!"

"काय झालं? सरळ आहे! ही बघ पाणसळ!" रेविनने पाणसळ तुळईवर ठेवून दाखवली.

"नाही!"

"उंची? उंची बरोबर आहे. बोल्ट? बोल्ट आवळलेत. मग काय?"

"नाही! च्यायला!" त्याने चमचा काचेवर असा आपटला की वाटलं काच जाणार.

दिवसभराची दमलेली बाई ती. "मग ये बाहेर आणि तूच कर!" ती ओरडली.

चमचा थांबला. नेव्हिल खिडकीतून नाहीसा झाला. रेविनने हातातला पाना गवतात फेकला आणि बागेच्या फाटकातून निघून गेली. मी तिच्या मागे गेले नाही. नेव्हिलकडे गेले, तर तो पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसला होता.

पुढचे काही दिवस पाऊस होता, त्यामुळे काम बंद ठेवायला निमित्त मिळालं. घरात दोघं एकमेकांशी वागत होती ती परक्या माणसांसारखी. रेविन त्याला जेवायला द्यायची, आंघोळ घालायची, पण तोंडातून शब्द नाही. मला म्हणाली, "मी त्या माणसाला काय बोलले, लॉरेन. बाहेर ये म्हणाले. त्याला!"

"तो विसरेल."

"तो नाही विसरणार. त्याच्या जागी मी असते तर मी तरी विसरले असते का?"

रविवारी मी स्कोन घेऊन गेले. तिघं टेबलाशी बसलो. बाहेर पाऊस ओसरत आला होता. रेविन कुणाचा तरी कोट दुरुस्त करत होती, टेबलावर तिचा बटणांचा डबा उघडा होता. आम्ही दोघी हवापाण्याच्या गप्पा मारायचा प्रयत्न करत होतो.

नेव्हिलने हात लांब करून पाव कापायची फळी ओढली. ती उभी केली आणि किटलीला टेकवून ठेवली. मग चहाच्या पुड्याचा पुठ्ठ्याचा खोका घेतला आणि त्या फळीला घट्ट चिकटवून आडवा ठेवला, खाली दोन रिकाम्या कपांचा आधार देऊन. एका हाताने हे सगळं. खोका दोनदा पडला. मी मदतीला हात पुढे केला, तर त्याने माझ्या हातावर चापट मारली.

मग त्याने आपला चहाचा कप उचलला आणि फळीवरून खाली ओतला.

"नेव्हिल!" मी ओरडले. "अरे, काय हे!"

"थांब," रेविन म्हणाली.

चहा फळीवरून ओघळत खाली आला आणि खोका जिथे फळीला चिकटला होता तिथे अडला. तिथेच साचला. पुठ्ठा चहा प्यायला लागला, गडद झाला. नेव्हिल वाट बघत बसला. आम्हीही. मग त्याने ओल्या पुठ्ठ्यावर बोट ठेवून दाबलं. बोट आत गेलं.

त्याने रेविनकडे बघितलं. मग बटणांच्या डब्यात हात घालून दोन जाडी बटणं काढली, खोका जरा बाजूला केला, आणि फळी आणि खोक्याच्या मधे दोन टोकांना दोन बटणं बसवली. आता दोघांत एक फट राहिली होती. त्याने माझा कप उचलला, न विचारता, आणि तोही ओतला. चहा ओघळला, फटीतून सरळ खाली गेला, मेजपोशावर, तिथून माझ्या स्कर्टवर.

रेविन उठून उभी राहिली.

"पाणी!" ती म्हणाली. "पावसाचं पाणी भिंतीवरून येणार, तुळईच्या मागे अडून बसणार. तुळई कुजेल. भिंतसुद्धा कुजेल. फट ठेवायला हवी! मधे चकत्या घालून फट ठेवायची, होय ना?"

नेव्हिलने तळहात टेबलावर आपटला. कप उडाले. "नाही!" तो ओरडला, आणि असा हसत होता की ते नाही कुठलं हे मलासुद्धा कळलं.

ती त्याच्या खुर्चीपाशी गेली, त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि कपाळ त्याच्या कपाळाला लावलं. मी चहाने भिजलेला स्कर्ट झटकत उभी होते. तिथे माझी गरज नव्हती, म्हणून मी फडकं शोधायला गेले.

त्याच दुपारी, पाऊस पुरता थांबायच्या आत, रेविनने गवतातून पाना शोधून काढला आणि सगळे बोल्ट सोडवले. दिवसभराची ती मेहनत तिने खाली उतरवली आणि एकदाही कुरकुरली नाही. वखारीतून जाड चकत्या आणल्या आणि तुळई पुन्हा बसवली, भिंतीपासून बोटभर अंतरावर. नेव्हिल खिडकीत होता. चमचा गप्प होता.

पुढचं काम वेगात झालं, कारण आता ते दोघांचं होतं. आडव्या तुळया बसल्याबरोबर रेविनने मागच्या दारापासून काही फळ्या नुसत्याच वर टाकल्या, खुर्ची पुढे जाईल एवढ्या, आणि दार सताड उघडलं.

"ये," ती म्हणाली. एवढंच.

नेव्हिल उंबऱ्यापाशी थांबला. समोर ती अर्धवट सांगाड्यासारखी लाकडं, खाली गवत दिसतंय. मग त्याने चाकाला जोर दिला. फळ्या खडखडल्या. महिनोन्‌महिन्यांनी माझा भाऊ त्याच्या बागेत आला होता. त्याने मान वर करून वास घेतला. प्लमचा बहर गळून गेला होता, पण ताज्या कापलेल्या पाइनचा वास होता, आणि मला वाटतं त्याला तोच हवा होता.

त्यानंतर तो रोज बाहेर. प्रत्येक लाकूड आधी त्याच्यासमोर यायचं. तो एक डोळा मिटून त्याच्या टोकाकडून लांबवर बघायचा आणि मांडीवर ठेवलेल्या काठीने खूण करायचा. लाकूड कधी पूर्ण सरळ नसतं, थोडा बाक असतोच. बाकाची उंच बाजू वर ठेवायची, म्हणजे वजनाने ती सपाट बसते. रेविनला एकदाच दाखवावं लागलं. "कापडाला उभा धागा असतो, तसंच ना?" ती म्हणाली, आणि पुढचं लाकूड तिने स्वतःच बघून फिरवलं. नेव्हिलने काठी उचलली, पण खूण करायला काही उरलं नव्हतं.

वरच्या फळ्या बसवताना दोन फळ्यांत सारखी फट राहावी म्हणून मधे एक जाड खिळा धरावा लागतो. तो खिळा नेव्हिल धरायचा. खुर्चीतून वाकून, डाव्या हाताने. कधी खिळा पडायचा, मग तो त्याच्या दुसऱ्या खणातला शब्द काढायचा. रेविन गुडघ्यांवर बसून स्क्रू मारत यायची. फळी संपली की दोघं पुढच्या फळीवर. मी मदतीला गेले की रेविन मला चहा करायला लावायची. खरं सांगायचं तर त्या दोघांत तिसऱ्याला करण्यासारखं काही नव्हतं.

ख्रिसमसच्या आधीच्या रविवारी रेविनने सगळ्यांना जेवायला बोलावलं. हेनारेला तिने स्वतः फोन केला. तो आला, टोळीला घेऊन आला, पण दाराशी जरा अवघडून उभा राहिला. मग मागच्या दारातून बाहेर आला आणि जागीच थबकला.

डेक दाराच्या पातळीला लागून सरळ बागेत गेला होता, घराच्या रुंदीएवढा. एका बाजूने खाली वाफ्यांपर्यंत सावकाश उतार, खुर्चीला सोसेल असा. फळ्यांच्या रेघा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ. स्क्रूंच्या रांगासुद्धा शिवणीच्या टाक्यांसारख्या.

हेनारे मधोमध गेला आणि उडी मारली. एवढा धिप्पाड माणूस, दोन्ही पायांवर. कपसुद्धा वाजला नाही. मग तो बाजूने खाली उतरला, गवतात पोटावर पालथा पडला आणि मोबाइलचा दिवा लावून डेकखाली डोकं घातलं. बराच वेळ नुसते त्याचे बूट दिसत होते. मी रेविनकडे बघितलं. ती हातात सॅलडचं भांडं घेऊन उभी होती.

हेनारे बाहेर आला. गुडघ्यांना गवत, केसांत कोळिष्टकं.

"भिंतीपाशी फट ठेवलीयस," तो म्हणाला. "हे अर्धे कंत्राटदार विसरतात. तुला कुणी सांगितलं?"

"याने."

"याने? कसं सांगितलं?"

"चहा सांडून," मी मधेच म्हणाले. "माझ्या स्कर्टवर."

हेनारे डेकच्या कडेवर नेव्हिलच्या खुर्चीशेजारी बसला. आता तो ओरडून बोलत नव्हता. "मला हे शिकवलंस तेव्हा तू माझ्या टाळक्यात टपली मारली होतीस. आठवतं?"

नेव्हिलने डावा हात उचलला आणि त्याच्या टाळक्यात टपली मारली. सगळे हसले, नेव्हिल सगळ्यांत जास्त. त्या दुपारी त्याने एकदाही खुर्ची भिंतीकडे वळवली नाही. टोळीतल्या एकाने आपल्या नव्या कामाची अडचण काढली, फोनवर फोटो दाखवला, आणि नेव्हिल काठीने फळीवर रेघा मारत त्याला काहीतरी दाखवत बसला. काय ते मला कळलं नाही, पण त्याला कळत होतं.

जेवण झाल्यावर शेजारच्या घरचा एक पाहुणा ग्लास उंचावून म्हणाला, "शेवटी नेव्हिलने बायकोला डेक दिलाच म्हणायचं!"

नेव्हिलने काठी फळीवर आपटली. त्याने काठीचं टोक रेविनकडे केलं आणि ते तसंच धरून ठेवलं.

रेविनच्या जागी दुसरी कुणी असती तर "छे, आम्ही दोघांनी मिळून" असं काहीतरी म्हणाली असती. मीही म्हणाले असते. ती उठली, ॲप्रनला हात पुसले.

"हो," ती म्हणाली. "हा डेक मी बांधलाय. चुका याने काढल्या, आणि एकही सोडली नाही. पण बांधला मी."

हेनारेने पहिल्यांदा टाळी वाजवली. त्याच्या मोठ्या पंजांची टाळी, नंतर सगळ्यांची. रेविन लाजली नाही. मान ताठ करून उभी राहिली आणि सगळ्या टाळ्या ऐकून घेतल्या. मग फळं घातलेला पावलोवा केक कापायला आत गेली.

आता त्या गोष्टीला दोन हिवाळे झाले. डेकचा रंग उडून राखाडी झालाय. तेल लावायचं म्हटलं तर रेविन म्हणते, असाच बरा आहे, मला वय झालेलं लाकूड आवडतं. नेव्हिलला आणखी काही शब्द सापडलेत. "हळू" म्हणतो, "सरळ" म्हणतो, माझं नाव अर्धं म्हणतो. वाफे उंच करून घेतलेत, खुर्चीतून हात पोचेल असे, आणि त्यात तो बीट लावतो.

गेल्या जुलैत, ऐन थंडीत, मी सकाळी गेले तेव्हा डेकवर दहिवर गोठून पांढरं पडलं होतं. रेविन बूट आणि जाड कोट घालून तिथे गुडघ्यांवर बसली होती. एक फळी फुगून वाकली होती. तिने आदल्याच दिवशी नवी फळी कापून, खडूने खूण करून, शेडमध्ये ठेवलेली होती. जुनी काढली, खालची तुळई हाताने चाचपून बघितली, कोरडी आहे म्हणाली, नवी बसवली. नेव्हिल आत खिडकीपाशी नाश्ता करत होता. तिने त्याच्याकडे एकदाही वळून बघितलं नाही, आणि तोही खाता खाता थांबला नाही.

"चल," ती उठत मला म्हणाली, "हात गोठले. चहा टाक."